जुन्या जीपचा कॅमशाफ्ट

मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर या दोन मोठ्या रस्त्यांची गांठ धुळें शहरीं पडते. धुळें-जळगांवकडे कोणी वडिलोपार्जित विलीज जीप पुन्हां चालती करावयास काढली, म्हणजे दट्ट्ये व बेअरिंगें यांचा हिशेब सहज जमतो. अडतें तें कॅमशाफ्टच्या निवडीपाशीं.

कॅमशाफ्ट हा एंजिनाचा वेळ राखणारा कारभारी होय. मुख्य दांड्याचे दोन फेरे होतात, तेव्हां याचा एक होतो. त्यावरील उंचवटे कोणती झडप केव्हां उघडावी आणि किती वेळ उघडी राहावी, हें ठरवितात. उंचवटा मोठा व रुंद असला, तर जलद फिरणाऱ्या एंजिनास अधिक मिश्रण मिळून शक्ति वाढते. अमेरिकेंतील १९६४ सालच्या पाँटिॲक जी. टी. ओ. सारख्या वेगवान मोटारींच्या शौकिनांस त्याचा मोह पडतो, तो यामुळेंच. परंतु मंद गतींत हाच गुण दोष ठरतो. झडप उशिरां मिटल्यामुळें वर येणारा दट्ट्या आंत घेतलेलें मिश्रण कांहीं अंशीं मागें लोटतो; दाब घटतो आणि ओढ मंदावते.

विलीजचें एंजिन २१९९ घन सेंटिमीटरचें आहे. मिनिटास ४००० फेऱ्यांवर तें ६० अश्वशक्ति देतें. पण त्याची ओढ २००० फेऱ्यांच्या सुमारासच सर्वांत अधिक असते. लळिंगचा घाट, सातपुड्याची चढण आणि पावसाळ्यांतील काळी माती यांस हवी असते ती ही ओढ. म्हणून मूळ घडणीचा कॅमशाफ्टच येथें योग्य होय.

याहून नाजूक प्रश्न दिशेचा आहे. महायुद्धांतील जीपचा कॅमशाफ्ट सांखळीनें फिरत असे. १९४६ च्या सुमारास सांखळीच्या जागीं दंतचक्रें आलीं. सांखळीनें जोडलेले दांडे एकाच दिशेनें फिरतात. दोन चक्रांचे दांते परस्परांत गुंतले, कीं दिशा उलटते. एका पद्धतीचा कॅमशाफ्ट दुसरीस बसविल्यास झडपांचा क्रमच बिघडतो व एंजिन चालत नाहीं. तेलाचा पंपहि त्या त्या पद्धतीचाच लागतो. बाहेरून हीं एंजिनें सारखींच दिसतात. तेव्हां पुढचें झांकण काढून आंत पाहिल्यावांचून मालकानें पैसे मोजूं नयेत.

नव्या कॅमशाफ्टखालीं जुने टॅपेट ठेवणें ही खोटी काटकसर होय. झिजलेला टॅपेट नवा उंचवटा थोडक्याच दिवसांत खाऊन टाकतो, आणि सारा खर्च पुन्हां करावा लागतो.

शर्यतीचा बैल कितीहि देखणा असला, तरी खानदेशचा शेतकरी त्यास औताला जुंपीत नाहीं. जीपच्या मालकानेंहि आधीं रस्ता पाहावा, मग कॅमशाफ्ट निवडावा.