वाटणीचे माप
(ग्रंथालयाच्या व्याख्यानमालेतील भाषण)



मराठीच्या अध्यापकाने विद्युतशास्त्रावर बोलावे, हे आपणांस चमत्कारिक वाटेल. परंतु ‘भार’, ‘वाटणी’, ‘विभव’ हे शब्द आधी भाषेचे आहेत, शास्त्राचे नंतर. तेव्हा थोडा अधिकार माझाही पोहोचतो.

१७८५ साली शार्ल द कूलोम या फ्रेंच अभियंत्याने पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे आपला पिळाचा तराजू मांडला. अतिसूक्ष्म चांदीच्या तारेला आडवी काडी टांगलेली, काडीच्या टोकास गोळी. आपल्याकडे ज्याची बाशिंगे होतात त्या भेंडासारख्याच हलक्या गाभ्याची. तिला टेकून तशीच दुसरी, स्थिर. विद्युतभारित टाचणीचा स्पर्श होताच दोघींनी भार वाटून घेतला आणि टांगलेली गोळी ३६ अंश दूर सरली. तारेस उलट पीळ देऊन हे अंतर १८ अंशांवर आणले, तेव्हा एकूण पीळ १४४ अंश भरला. अंतर निम्मे, बळ चौपट!

भार मोजण्याचे एकक तेव्हा नव्हतेच. मग तो निम्मा कसा करावा? भारित गोळीस तेवढ्याच आकाराची कोरी गोळी टेकवावी आणि दूर करावी. दोन्ही सर्वथा सारख्या असल्यामुळे पक्षपातास कारणच उरत नाही. मूळ भार किती ते ठाऊक नाही, पण निम्मा झाला एवढे निश्चित. मला ही युक्ती त्या तराजूहूनही थोर वाटते.

गोळे विषम असले की मात्र हिशेब पालटतो. थोरल्याची त्रिज्या धाकट्याच्या तिप्पट आहे. थोरल्यावर भाराचे ६ भाग, धाकट्यावर ४. दोन्ही लांब, बारीक तारेने जोडले, तर भार धाकट्याकडून थोरल्याकडे वाहतो आणि ७.५ व २.५ अशी वाटणी होते! कारण समान व्हावयाचे असते ते विभव, भार नव्हे. नळीने जोडलेल्या दोन हौदांत पाण्याची पातळी एक होते, साठा नव्हे. ‘विभव’ शब्द इथेच अडतो. मराठी कानास तो ऐश्वर्य सुचवितो, आणि इथे तर ज्याचा साठा मोठा त्याचेच विभव कमी! वर्गात ‘पातळी’ म्हणून आरंभ करावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

सजातीय भार परस्परांस दूर लोटतात, हे आपण शाळेत शिकलो. न्यूझीलंडच्या जॉन लेक्नर यांनी २०१२ साली गणिताने दाखविले, की असे दोन वाहक गोळे अगदी निकट आणले, तर ते बहुधा एकमेकांस ओढूच लागतात. कारण प्रवर्तनाने समोरासमोरच्या बाजूंवर विजातीय भार जमतो. अपवाद एकच : स्पर्शाने जशी वाटणी होते, त्याच प्रमाणात ज्यांवर भार आहे ते गोळे. त्यांचे प्रतिसारण शेवटपर्यंत टिकते. कूलोमच्या दोन गोळ्या त्यांतल्याच होत्या.