पहिला काळा महापौर आणि आपण
(नगरसेविकांच्या शिबिरात केलेलं भाषण)



नगरसेविकांच्या शिबिरात एका पुरुषाची गोष्ट कशाला, असं तुम्हाला वाटेल. पण अमेरिकेतल्या शार्लट शहराचे पहिले काळे महापौर हार्वे गँट यांची गोष्ट आपल्या कामाची आहे.

गँट यांचा जन्म १९४३ चा, साउथ कॅरोलायना राज्यातला. वडील नौदलाच्या गोदीत कामाला. त्यांना वास्तुशास्त्र शिकायचं होतं. राज्यात ते शिकवणारं कॉलेज एकच, क्लेमसन. तेही फक्त गोऱ्यांचं. शेवटी कोर्टात जावं लागलं. त्यांच्या वकिलांमध्ये कॉन्स्टन्स बेकर मोटली ही काळी स्त्री होती. पुढे १९६६ मध्ये ती अमेरिकेतली पहिली काळी स्त्री फेडरल न्यायाधीश झाली. २८ जानेवारी १९६३ ला गँट यांनी क्लेमसनमध्ये पाऊल टाकलं. त्याच वर्षी लुसिंडा ब्रॉली ही तिथली पहिली काळी विद्यार्थिनी झाली. विषय गणित. १९६४ मध्ये दोघांचं लग्न झालं आणि तिची ओळख 'गँट यांची पत्नी' एवढीच उरली. पहिल्या पुरुषाचं नाव इमारतीला लागतं, पहिली बाई तळटीपेत जाते. हे आपल्याला नवीन नाही.

१९७१ मध्ये गँट यांनी शार्लटमध्ये भागीदारीत वास्तुरचनेची फर्म काढली. १९७४ मध्ये ते नगरपरिषदेवर आले. तेव्हा सगळे सदस्य अख्ख्या शहराच्या मतांवर निवडून यायचे. म्हणजे काळ्या वस्तीचा माणूसही गोऱ्यांच्या मर्जीवर. १९७७ मध्ये सात जागा वॉर्डांना मिळाल्या. निवडणुकीची पद्धत हा कोरडा विषय नाही, बायांनो. कोण निवडून येणार, हे पुष्कळदा तिथेच ठरतं.

१९८३ आणि १९८५ मध्ये गँट महापौर झाले. १९८७ मध्ये त्यांना हरवलं सू मायरिक यांनी. त्या शार्लटच्या पहिल्या महिला महापौर. मग आपण टाळ्या वाजवायच्या का? १९९० मध्ये गँट सिनेटसाठी उभे राहिले, तेव्हा गर्भपाताच्या हक्काच्या बाजूने उभे राहिले. मायरिकबाई पुढे संसदेत गेल्या, त्या या हक्काच्या विरोधात. बाई खुर्चीत बसली म्हणजे बायकांचा प्रश्न खुर्चीत बसला, असं होत नाही.

१९९० च्या त्या निवडणुकीत विरोधक जेसी हेल्म्स यांनी टीव्हीवर एक जाहिरात दिली. त्यात नकाराचं पत्र चुरगाळणारे गोरे हात दिसतात. नोकरीसाठी लायक तुम्हीच होता, पण कोट्यामुळे ती दुसऱ्याला द्यावी लागली, असं निवेदक सांगतो. ओळखीचं वाटतं ना? गँट हरले. १९९६ मध्ये पुन्हा उभे राहिले, पुन्हा हरले.

महाराष्ट्रात स्थानिक संस्थांमध्ये स्त्रियांना १९९० मध्ये तीस टक्के आणि २०११ पासून पन्नास टक्के जागा मिळाल्या. तेव्हापासून आपणही ऐकतो : 'लायकी नसताना आल्या.' गँट यांच्यासाठी दार कोर्टाच्या हुकमाने उघडलं. आत गेल्यावर ते वर्गात तिसरे आले. लायकी आधीही होती, दार तेवढं बंद होतं.

म्हणून राखीव जागेची लाज बाळगू नका. पण त्या जागेवर बसून पाणी, संडास, पाळणाघर, रस्त्यावरचा दिवा यांतलं काय मागितलं, याचा हिशेब मात्र वस्तीतल्या बायकांना द्या. तो मागायचा हक्क त्यांचा आहे.