माठाचीं छिद्रें



उन्हाळा लागला कीं छत्रपति संभाजीनगरच्या, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादच्या, कुंभारवाड्यांत माठ घेणारांची गर्दी होते. जो तो टिचकी मारून नाद ऐकतो. नादावरून माठ तडकलेला नाहीं एवढें कळतें. तो पाणी निववील कीं नाहीं, हें कळत नाहीं. तें त्याच्या अंगच्या सूक्ष्म छिद्रांवर अवलंबून असतें.

मी शाळेंत असतांना बाष्पीभवनाचा धडा माठाच्याच दाखल्यानें शिकवीत असें. एक ग्रॅम पाण्याची वाफ होतांना सुमारें ५८० कॅलरी उष्णता ओढली जाते. म्हणून माठ बाहेरून पाझरला कीं आंतलें पाणी निवतें. एकदां एका मुलानें विचारलें, “पण गुरुजी, मातीला छिद्रें पडतात कशीं?” मला उत्तर सुचेना. तेव्हां मागच्या बांकावरचा कुंभाराचा मुलगा उठून म्हणाला, “गुरुजी, लीद जळते, जागा राहते.”

त्या चार शब्दांत सारें शास्त्र आलें. चिखलांत घोड्याची लीद, भाताचें तूस, उसाचें कुटलेलें चिपाड किंवा लांकडाचा भुसा मळला, तर भट्टींत तो जळून जातो व त्याच्या जागीं पोकळी उरते. भुसा बारीक चाळला तर छिद्रें बारीक. अति घातला तर भांडें ठिसूळ. आणि आंच घाईची झाली तर आंतील कोळसा पुरता न जळतां भिंतीचा गाभा काळा राहतो.

अजिंठ्याच्या चित्रांखालील मातीच्या गिलाव्यांतहि तूस आहे. पण तो गिलावा भाजलेला नाहीं. तेथें तूस टिकून मातीला धरून ठेवतें. भट्टींत मात्र तें नाहींसें होऊनच उपयोगी पडतें.

याच युक्तीनें १९८१ सालीं ग्वाटेमालांत फर्नांडो माझारियेगोस यांनीं पाणी गाळण्याचें मातीचें भांडें सिद्ध केलें. आपल्याकडे भुवनेश्वरच्या सरकारी प्रयोगशाळेनें लाल माती, नदीची वाळू व लांकडाचा भुसा यांपासून ‘टेराफिल’ ही गाळणी तयार केली. अशा भिंतींतून पाणी झिरपतांना गाळ व बहुतेक जंतु अडकतात. अतिसूक्ष्म विषाणु मात्र निसटूं शकतात.

येथें एक गैरसमज दूर केला पाहिजे. घरच्या माठांतील पाणी आपण वरून काढून पितों. तें भिंतींतून गाळून येत नाहीं. म्हणून माठ पाणी गार करतो, शुद्ध करीत नाहीं. घरांत लहान मुलें असतील तर पाणी उकळून, निवल्यावरच माठांत भरावें.

जुना माठ गार करीनासा होतो, कारण जड पाण्यांतील क्षार छिद्रांत बसतात. त्याला साबण लावूं नये. काथ्यानें घासून उन्हांत वाळवावा. तरीहि तो पाझरला नाहीं, तर नवा घ्यावा. आणि घेतांना टिचकीबरोबरच, मातींत काय मळलें आहे, हेंहि कुंभाराला विचारावें. तो आनंदानें सांगेल.