दुधाचा दात आणि दवाखान्याचे बिल

दुधाचा दात हलू लागला की पूर्वी काम सोपे होते. आजी दोऱ्याची गाठ मारायची, पोरगं ओरडेपर्यंत दात तिच्या हातात यायचा, आणि तो कौलांवर भिरकावला की झाले. त्याचे बिल होत नसे. आता होते, आणि आजचे बोलणे त्या बिलाविषयीच आहे.

समजा, रिसोडकडचे एक कुटुंब आहे. सहा वर्षांच्या मुलीची दाढ किडली, गाल सुजला, रात्रभर घरात कोणी झोपले नाही. सकाळच्या एस.टी.ने सगळे वाशीमला आले. वडिलांच्या खिशात आरोग्यविम्याचे कार्ड. हप्ता दरवर्षी न चुकता भरलेला. त्यांना वाटते, पैसे विमा देईल. इथेच पुष्कळांचा हिशेब चुकतो. आपल्याकडच्या बहुतेक पॉलिसी रुग्णालयात दाखल होण्याच्या खर्चासाठी असतात. खुर्चीत बसवून दात काढला नि अर्ध्या तासात घरी पाठवले, तर तो खर्च त्यांत सहसा बसत नाही. अपघातात जबड्याला मार लागून दाखल व्हावे लागले, तर गोष्ट वेगळी. काही पॉलिसींत ओपीडीच्या खर्चाची तरतूद असते, पण तीही मर्यादेपुरती. तेव्हा ‘वगळलेल्या बाबी’ हे पान आधी वाचा. ते बारीक अक्षरात असते. म्हणून तर वाचायचे!

मग कोणीतरी शहाणा कानाशी लागतो, ‘डॉक्टरसाहेब, पोरगी पायरीवरून पडली असं लिहून द्या ना!’ असल्या माणसाचे ऐकू नका. खोटा दावा पकडला गेला तर पैसे मिळत नाहीतच, वर कंपनी पॉलिसी रद्द करू शकते. एका दाढेपायी उद्या म्हाताऱ्या वडिलांच्या मोठ्या आजारपणाचा आधार जायचा.

खर्च वाचवण्याची सरळ वाट निराळी आहे. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी व उपचार निःशुल्क झाले आहेत. जाण्यापूर्वी दंतवैद्य कोणत्या दिवशी भेटतात एवढे विचारून घ्या, म्हणजे हेलपाटा पडत नाही. शिवाय २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम चालू आहे. त्याची पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा मुले तपासायची असतात, आणि दातांचे विकार त्या तपासणीत धरलेले आहेत. पथकाने पुढे पाठवले तर उपचाराला पैसे पडत नाहीत. पण ती चिठ्ठी बिचारी दप्तराच्या तळाशी चुरगळून पडते, आणि आई-बापाला कळते ते गाल सुजल्यावर!

खाजगी दवाखान्यात गेलात, तर खुर्चीत बसण्याआधी खर्च विचारा. त्यात संकोच कसला? एक्स-रे वेगळा धरणार का, तेही विचारा. दात काढण्यासारख्या उपचारावर जीएसटी लागत नाही, हे ध्यानात असू द्या. आणि बिलावर दाताचा क्रमांक लिहून मागा.

हा क्रमांक म्हणजे काय, ते जरा सांगतो. दंतवैद्यांच्या पद्धतीत प्रत्येक दाताला दोन आकडे असतात. पहिला आकडा १ ते ४ असेल तर दात कायमचा. ५ ते ८ असेल तर दुधाचा. ७५ म्हणजे खालची डावीकडची शेवटची दुधाची दाढ. ३६ म्हणजे तिला लागून मागे, साधारण सहाव्या वर्षी येणारी कायमची दाढ. ही दाढ कोणताही दात न पडता मुकाट्याने उगवते, म्हणून घरोघरी ती दुधाचीच समजतात आणि ‘काढून टाका, दुसरी येईल’ म्हणतात. तिच्या जागी दुसरी येत नसते.

बरे, ७५ असली तरी घाई नको. ती दहा-बारा वर्षांपर्यंत टिकायची असते. सहाव्या वर्षीच काढली तर मागची दाढ पुढे सरकते आणि खालून येणाऱ्या दाताला जागा उरत नाही. काढणे भागच असेल, तर जागा राखणारी तार बसवावी लागेल का आणि तिचा खर्च किती, हेही त्याच वेळी विचारा. पण त्याआधी पहिला प्रश्न हा, की डॉक्टर, ही दाढ कितव्या नंबरची, आणि ती वाचवता येईल का?