तहानलेलं झाड बोलतं



कृषी कॉलेजात आम्ही शिकलो, झाड मुकं असतं. २०२३ साली इस्रायलच्या तेल अवीव विद्यापीठाने ते खोटं ठरवलं. पाणी तोडलेल्या टोमॅटोच्या झाडातून तासाला सरासरी ३५ टिचक्या निघाल्या, तंबाखूच्या झाडातून ११. पाणी मिळालेल्या झाडातून एकही धड नाही. आवाज इतक्या उंच पट्टीतला, की माणसाच्या कानाला ऐकू येत नाही. झाडातल्या नळ्यांत हवेचे बुडबुडे फुटत असावेत, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. मका-गव्हातही असे आवाज सापडले.

मुद्दा पुढेच आहे. पान सुकलेलं दिसण्याआधीच टिचक्या सुरू होतात. सरकार पंचनाम्याला येतं ते पीक वाळल्यावर! झाडाचं ऐकू येत नाही, हे एक वेळ समजू. आपण तर माणसं आहोत. वाळण्याआधी बोलू, मोठ्याने बोलू.