मुलाखतीचा पोशाख

कारकुनाच्या जागेसाठी मुलाखतीस जाणाऱ्या तरुणाला पोशाखाचा प्रश्न फारसा छळीत नाही. इस्त्रीचा सदरा आणि पायांत बूट एवढ्यावर त्याचे भागते. खरा पेच पडतो तो पंचेचाळिशी उलटलेल्या उमेदवाराला. मुख्याध्यापक, प्राचार्य, व्यवस्थापक अशा वरच्या जागेसाठी बोलावणे येते, आणि कपाट उघडल्यावर ध्यानात येते की, आत एक तर रोजचे कपडे आहेत, नाही तर लग्नकार्याचे!

गोव्यातील एका शिक्षिकेचीच गोष्ट पाहावी. वीस वर्षांच्या अध्यापनानंतर बाईंना दुसऱ्या गावच्या शाळेत मुख्याध्यापिकेच्या जागेसाठी पाचारण झाले. वय पाहता अशी संधी पुन्हा येण्याचा संभव थोडाच होता. शाळेत त्या साडी नेसत. रविवारी चर्चला जाताना फ्रॉक घालीत. वहिनीने जरीकाठी रेशमी साडी पुढे केली. भाचीने कोट-पॅंटचा आग्रह धरला. एका हितचिंतकाने तर गळ्यातील क्रूस त्या दिवसापुरता पदराआड ठेवण्याचे सुचविले.

तिन्ही सल्ले आपुलकीचे, पण तिन्ही बाईंना निराळीच व्यक्ती बनविणारे. निवड मंडळाला उमेदवाराची ऐट पाहावयाची नसते. ही व्यक्ती त्या खुर्चीवर रोज कशी शोभेल, याचा अंदाज ते बांधीत असते. म्हणून त्या संस्थेत त्या हुद्द्याची माणसे एखाद्या साध्या मंगळवारी काय घालतात, याची चौकशी करावी आणि त्याहून किंचित नेटके, पण त्याच जातीचे वस्त्र निवडावे. बाईंच्या बाबतीत ती साडीच ठरली. मात्र जिने जन्मभर फ्रॉकच घातला, तिने एका दिवसापुरती साडी गुंडाळावी हा हट्ट व्यर्थ होय. तिचे निम्मे लक्ष पदर सावरण्यातच जायचे. क्रूस रोज दिसतो, तो त्या दिवशीही दिसावा.

पोशाखातून अर्थ काढण्याची सत्ताधाऱ्यांची खोड जुनीच आहे. १९११ च्या डिसेंबरात दिल्ली दरबारात बडोद्याचे सयाजीराव महाराज इतर संस्थानिकांच्या मानाने साध्या वेषात, जडजवाहीर न लेता पंचम जॉर्ज बादशहांसमोर आले आणि मुजऱ्याचा रिवाजही त्यांनी पुरता पाळला नाही. इंग्रजी वृत्तपत्रांनी केवढे काहूर माजविले! महाराजांना खुलासा करावा लागला. साधेपणाही बोलतो, तो असा. अर्थात महाराजांजवळ गादी होतीच; उमेदवाराला खुर्ची मिळवावयाची असते. तेव्हा ‘आम्ही साधी माणसे’ म्हणत झिजल्या चपला ओढीत जाणे परवडत नाही.

कापडाचा विचार प्रवास आणि हवामान पाहून करावा. खळ घातलेली सुती साडी घरून निघताना कडक दिसते. दीड तास बसमध्ये बसले की तिची पार रया जाते. रेशमी ताणा आणि सुती बाणा असलेली महेश्वरी किंवा चंदेरी त्यापेक्षा सोयीची. महेश्वरी अंगावर हलकी आणि शांत रंगात सहज मिळणारी. चंदेरी मात्र फार विरळ नसावी. पुरुषांना बंद गळ्याचा कोट उपकारक, कारण टायची कटकट मिटते. पण उसना कोट घेऊ नये. त्याचे खांदे पाहताक्षणी चाडी सांगतात.

बाईंनी चार वेळा नेसलेली राखी रंगाची महेश्वरी निवडली. आदल्या रविवारी ती नेसून त्या अर्धा तास खुर्चीवर बसल्या, जिना चढून आल्या, फळ्यावर हात उंचावून लिहून पाहिले. खांद्याची पिन टोचत होती, ती बदलली. नवे सॅंडल पाय चावीत होते, म्हणून जुन्यांनाच नवा तळ लावून घेतला. मुलाखत भर पावसात होती. बाई घरच्या साडीतच निघाल्या, अर्धा तास आधी पोचून त्यांनी पिशवीतील महेश्वरी नेसली आणि ओली साडी शिपाईबाईंच्या स्वाधीन केली. पहिलाच प्रश्न आठवीतून शाळा सोडणाऱ्या मुलींविषयी आला. त्यावर त्या वीस मिनिटे बोलल्या.