सही करण्यापूर्वी



विद्वत्तेचा खर्च कोणी उचलावा, या प्रश्नाचे एक उत्तर याच सोलापूरने देऊन ठेवले आहे. ब्रह्मचारी जीवराज गौतमचंद दोशी यांनी १९४१ मध्ये विद्वानांना एकत्र बोलावून जैन संस्कृति संरक्षक संघ स्थापन केला आणि त्यासाठी तीस हजार रुपये जाहीर केले. १९४४ मध्ये तर सुमारे दोन लाखांची आपली सारी मालमत्ता त्यांनी संघाला देऊन टाकली. या संघातूनच जीवराज जैन ग्रंथमाला उभी राहिली. आ. ने. उपाध्ये आणि हीरालाल जैन यांनी संपादिलेली ‘तिलोयपण्णत्ती’ तिच्यात निघाली. आसामचे कृष्णकांत हांडिक यांचा सोमदेवाच्या ‘यशस्तिलका’वरचा विस्तृत इंग्रजी ग्रंथ १९४९ मध्ये प्रसिद्ध झाला, तोही सोलापुरातून! असे ग्रंथ बाजाराच्या भरवशावर निघत नसतात. तेव्हा छापील प्रत विकावी लागे, हे खरे. आज लेख जगभर पोचवायला तेवढीही गरज उरलेली नाही.

आणि तरीही आपण काय करतो? पगार सरकारी तिजोरीतून, लेख आपला, परीक्षण आपल्यासारख्याच प्राध्यापकांनी विनामोबदला केलेले. शेवटी पदोन्नतीची फाइल पूर्ण व्हावी म्हणून प्रकाशकाने समोर ठेवलेल्या करारावर न वाचता सही करतो. मग आपलाच लेख आपल्या विद्यार्थ्याला पैसे भरल्याशिवाय उघडत नाही. दुसरीकडे ‘मुक्त’ म्हणवणारी काही नियतकालिके लेखकाकडूनच जबर शुल्क मागतात. वाचकापुढची भिंत लेखकापुढे आणून उभी करणे, याला मी मुक्तता म्हणणार नाही.

कायदा आपल्याला वाटतो तितका दुबळा नाही. प्रताधिकार कायदा १९५७ चा. त्याच्या कलम १९ प्रमाणे हक्क सोपवायचे तर लेखी आणि सहीनिशीच सोपवावे लागतात. करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते, प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरता. म्हणूनच मोठे प्रकाशक ‘संपूर्ण मुदतीसाठी, जगभरासाठी’ हे शब्द आवर्जून घालतात. ती संपूर्ण मुदत म्हणजे लेखकाचे आयुष्य आणि त्यानंतरची साठ वर्षे! कलम ५७ मात्र हक्क विकल्यावरही लेखकाच्या पाठीशी असते. लेखावरचे आपले नाव आणि विपर्यासाविरुद्ध दाद मागण्याचा अधिकार आपल्याकडेच राहतो. तेव्हा सहीपूर्वी एवढे तरी लिहून मागा, की प्रताधिकार माझा राहील आणि तुम्हाला प्रकाशनाचा परवाना मिळेल. ते जमले नाही, तर परीक्षणानंतर स्वीकारलेले हस्तलिखित ग्रंथालयाच्या खुल्या ऑनलाइन भांडारात ठेवायची मुभा मागा. अनेक प्रकाशक ती देतात, आपण मागतच नाही.

वाचकाच्या बाजूने पाहिले, तर एकत्रित वर्गणी भरून संशोधन नियतकालिके उपलब्ध करून देणारी केंद्राची ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजना नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झाली. तीन वर्षांसाठी सहा हजार कोटी रुपये, सुमारे तेरा हजार नियतकालिके. तिचे मी मनापासून स्वागत करतो. पण ती सरकारी व्यवस्थापनाखालच्या संस्थांसाठी आखलेली आहे. निवृत्त शिक्षक, गावातला वैद्य, स्वतःच्या हौसेने शिलालेख वाचणारा अभ्यासक यांच्यासाठी दार बंदच राहते. शिवाय आपणच फुकट दिलेले लेखन आपण विकत घेत राहतो, ते वेगळेच.

आपण इथल्या विडी कामगार बायकांवर, यंत्रमागांवर, भीमेच्या पाण्यावर, मराठी-कन्नड-तेलुगू शेजारावर प्रबंध लिहितो. ‘शोधगंगा’ या प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारामुळे प्रबंध तरी कुणालाही वाचता येतात. लेखही तसेच खुले हवेत. ज्यांच्यावर लिहिले, त्यांच्या शिकलेल्या मुलीला ते मोबाइलवर उघडता आले पाहिजेत.

म्हणून सोलापुरातल्या शिक्षणसंस्थांना, ट्रस्टना आणि उद्योजकांना माझी विनंती आहे. लेखकाकडून शुल्क नाही आणि वाचकाकडूनही नाही, असे एक संशोधन नियतकालिक आपण मिळून चालवू. पैसा तुम्ही उभा करा. परीक्षण आणि संपादन आम्ही शिक्षक करू. पहिल्या वर्षाची मुद्रिते तपासण्याचे काम मी आजच माझ्याकडे घेतो.